दोन इंचांच्या चौकोनावर अख्खा हॉल?

काहून बाप्पा, शेडकार्डावरच्या 2 इंची चौकोनावरून 10 बाय 12 च्या खोलीचा रंग ठरवता? तोही दुकानातल्या पांढऱ्याफेक ट्यूबलाइटखाली! कार्डावरचा फिकट पिस्ता चार भिंतींवर चढला की पोपट होतो, मग शिव्या पेंटरला. छोटा डबा आणा, प्राइमरवर 2 बाय 2 फुटांचा तुकडा रंगवा, दोन हात मारा, पूर्ण सुकू द्या. सकाळी, दुपारी आणि रात्री घरच्याच दिव्यात बघा. एवढंही जड जातं?

आणि ते ग्लॉसीचं वेड! "चमक पाहिजे भाऊ." घ्या चमक! पुट्टी नीट घासलेली नसते. खिडकीतून तिरपा उजेड आला की पुट्टी ओढायच्या पत्र्याचा एकेक ओरखडा, एकेक फुगवटा मोजत बसा. मॅट सुचवला तर म्हणे, "उदास दिसते."

कूलरच्या खिडकीशेजारी मात्र हटकून स्वस्तातलं डिस्टेंपर. आपला कूलर एप्रिलपासून भिंतीला ओल पाजतो. जूनपर्यंत पापुद्रे हातात. धुता येणारं इमल्शन कुठे? टीव्हीमागच्या कोरड्याठाक भिंतीवर!

बाहेर पश्चिमेच्या भिंतीला गडद चॉकलेटी कोण सुचवतं हो? मे महिन्यात, 45 अंशांत? रात्री आतून हात लावून बघा त्या भिंतीला. पोळी शेकेल.