डोळ्याच्या तपासणीतल्या रंगाने आईचं दूध विषारी होत नाही

‘बाळंतिणीच्या डोळ्याची अँजिओग्राफी झाली की रंग दुधात उतरतो, दूध विषारी होतं. तीन दिवस अंगावर पाजू नका, पावडरचं दूध द्या.’ हा मेसेज आमच्या खानापूर भागात मराठीतही फिरतोय आणि कानडीतही. माझ्या धाकट्या जावेने तो खरा धरला. बेळगावहून तपासणी करून आली त्या रात्री ती न्हाणीत बसून दूध पिळून ओतत होती. छाती दगडासारखी झालेली, आणि आत दोन महिन्यांचं पोर भुकेने कळवळत होतं.

रंग दुधात उतरतो, हे खरंच आहे. पण किती? या तपासणीत डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढायला हाताच्या शिरेतून फ्लुरोसिन नावाचा रंग देतात, नेहमीचा डोस 500 मिलीग्रॅम. एवढाच डोस घेतलेल्या एका आईचं दूध तपासलं, तेव्हा सहा तासांनी लिटरभर दुधात 0.37 मिलीग्रॅम रंग निघाला. तान्हं बाळ दिवसाला पाऊण लिटर प्यायलं, तरी त्याच्या पोटात जाणार आईच्या डोसच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी. तपासणी एकाच आईची आहे, मान्य. पण अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे डोळे तपासताना डॉक्टर हाच रंग थेट त्यांच्या शिरेत देतात, तोही याच्या कितीतरी पट.

मग तीन दिवस कुठून आले? त्याच आईच्या दुधात 76 तासांनीही 0.17 मिलीग्रॅम रंग होता. म्हणजे तीन दिवस थांबून तो पुरता जातच नाही, आणि एवढ्याशा रंगासाठी थांबायचं कारणही नाही. काही कंपन्यांच्या औषधाच्या कागदावर ‘स्तनदा मातेला जपून द्यावे’ असं असतं. जपून म्हणजे बंद नव्हे.

मेसेज पुढे म्हणतो, ‘अंग पिवळं पडतं, तोच विषाचा पुरावा.’ जावेचे हात बघून आमच्या आत्यांनाही कावीळच वाटली. लघवी तर झेंडूच्या रंगाची. पण रंग मूत्रपिंडातून बाहेर पडतोय, एवढाच त्याचा अर्थ. कातडी सहा ते बारा तासांत पहिल्यासारखी होते, लघवी दीड दिवसात.

ओसीटी नावाच्या डोळ्याच्या दुसऱ्या तपासणीत तर रंगच नसतो, नुसता उजेडाने डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो. तरी मेसेजने तीही यादीत घातलीय.

खरी जपायची गोष्ट मात्र मेसेजमध्ये नाही. बाळ काविळीसाठी निळ्या दिव्याखाली असेल, त्यातून दिवस अपुरे असतील, तर डॉक्टरांना आधी सांगा. हा रंग अंगात असताना कातडीला उजेड बाधू शकतो. अशा बाळाचं दूध थांबवायचं का, किती वेळ, हे बाळाचे डॉक्टर ठरवतील.

बाकीच्यांनी पावडरचा डबा आणू नये. अचानक पाजणं थांबवलं की दूध साकळतं, गाठी येतात, ताप भरतो. वर बाटली आणि पाणी उकळण्याची कटकट. निघताना बाळाला पोटभर पाजा. बाहुली मोठी करायच्या थेंबांनी काही तास धूसर दिसतं, तेव्हा बाळ घ्यायला कुणीतरी बरोबर असू द्या. आणि संमतीपत्र कानडीत किंवा इंग्रजीत असेल नि वाचता येत नसेल, तर सही करण्याआधी तिथल्या सिस्टरला विचारा, ‘मी अंगावर पाजते, चालेल ना?’ जावेने त्या दिवशी न विचारताच सही केली होती.