आशेवर विश्वास, आनंदावर संशय

फ्रेंच शिकणारा माणूस बी-वन, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत तसा सुखात असतो. मग सुब्जाँक्तिफ येतं, म्हणजे साध्या रूपासारखी वस्तुस्थिती न मांडता मनातलं सांगणारं क्रियापदाचं रूप. पुस्तक सांगतं: इच्छा, शंका, भावना, गरज दिसली की हे रूप वापरा. या यादीवर माझा जुना राग आहे. तिच्या भरवशावर राहिलेला माणूस हमखास तोंडघशी पडतो.

आता 'आशा' ही भावना की नाही? आपल्या लेखी आहे, फ्रेंचांच्या लेखी नाही. 'जेस्पेर क त्यु व्हियँद्रा', तू येशील अशी आशा आहे: साधा भविष्यकाळ. उलट 'ज स्वी काँताँ क त्यु स्वा ला', तू इथे आहेस याचा आनंद आहे: इथे मात्र सुब्जाँक्तिफ! पाहुणा समोर बसून कॉफी पितोय, तरी व्याकरण त्याची हजेरी मांडायला तयार नाही. 'बियँ किल प्लव्ह', पाऊस पडत असूनही, यातही तेच. छत्री उलटी झाली तरी पाऊस संशयित.

मराठीचा विध्यर्थ अर्ध्या वाटेपर्यंत सोबत करतो. 'त्यानं यावं अशी माझी इच्छा आहे' हे 'ज व्ह किल व्हियेन' मध्ये अलगद बसतं. पण कर्ते दोन हवेत. स्वतःच निघायचं असेल तर 'ज व्ह पार्तिर', मला निघायचंय: मूळ क्रियापद, विषय संपला. 'ज व्ह क ज पार्त' म्हणालात तर ऐकणारा तुमच्यात दुसरा माणूस शोधू लागेल. 'इल फो क ज पार्त', मला निघायला हवं, हे मात्र चालतं, कारण तिथला 'इल' कोणीच नसतो.

खात्रीचं मोजमाप तर सराफाच्या काट्यावर चालतं. 'संभवनीय' म्हणजे प्रोबाब्ल असेल तर साधं रूप, 'शक्य' म्हणजे पोसिब्ल असेल तर सुब्जाँक्तिफ. 'ज पाँस किल व्हियँ', तो येतोय असं मला वाटतं, इथे साधं रूप, पण नकार आला की 'ज न पाँस पा किल व्हियेन'.

रूप बनवणं त्या मानानं सोपं. 'ते घेतात' यातल्या 'प्रेन' या वर्तमानकाळी रूपाच्या लेखनातलं शेवटचं ई-एन-टी काढा आणि 'ज'ला, म्हणजे 'मी'ला, नुसता ई लावा. 'नू' (आम्ही) आणि 'व्हू' (तुम्ही) यांना बहुतेक ठिकाणी इम्पार्फेची, म्हणजे अपूर्ण भूतकाळाचीच रूपं चालतात. 'पार्ले' (बोलणं) सारख्या क्रियापदांत 'ज' आणि 'इल' (तो) यांचं साधं रूप आणि सुब्जाँक्तिफ यांच्या उच्चारात फरकच नाही, त्यामुळे तिथे चूक पकडली जात नाही. हमखास पकडून देतात ती ही सात अनियमित रूपं: स्वा, ए, आय, फास, साश, प्विस, व्हय. ही पाठच करा, इलाज नाही.

'आव्हाँ क', म्हणजे 'त्याआधी', यानंतर सुब्जाँक्तिफ, कारण गोष्ट अजून घडायचीय. 'आप्रे क', म्हणजे 'त्यानंतर', याच्यापुढे नाही, कारण ती घडून गेलीय. एवढा सरळ नियम! बहुधा म्हणूनच खुद्द फ्रेंच लोक तिथे सर्रास सुब्जाँक्तिफ लावतात आणि आकादेमी फ्राँसेझ, म्हणजे फ्रेंच भाषेची राखणदार संस्था, त्यांना टोकत बसते. परीक्षेत आकादेमीचं ऐका. कर्ता एकच असेल तर 'आप्रे आव्वार माँजे', जेवल्यानंतर, असं म्हणा, म्हणजे 'क'ची कटकटच नाही.