बाप्पा समोर, मीटर मधोमध

आमच्या जुन्या गाडीत ड्रायव्हरच्या जागेवर पहिल्यांदा बसणारा प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारायचा. "मीटर कुठंय?" हॉटेलबाहेर पार्किंगसाठी किल्ली घेणारा पोरगा, सर्व्हिसिंगच्या वेळी किलोमीटर लिहून घेणारा मुलगा, चार दिवसांसाठी गाडी मागून नेऊन अकरा दिवसांनी परत करणारा माझा मेव्हणा. सगळे आधी स्टीअरिंगच्या आतून डोकावायचे, तिथं नुसतं सपाट काळं प्लास्टिक दिसलं की मान वर करायचे आणि माझ्याकडे असं बघायचे, जणू महिनाअखेरीला मीच तो काढून जुन्या बाजारात विकला होता.

मीटर होता की! डॅशबोर्डच्या बरोब्बर मधोमध, पुढच्या काचेच्या पायथ्याशी. लग्नात यजमानांना सोडून फोटोग्राफरच मध्ये उभा राहतो ना, तसा.

गाडीचं नाव सांगत नाही. तेरा वर्षं तिनं निमूट ओढलंय आम्हाला, आता म्हातारपणी तिची बदनामी नको. शिवाय ती काही एकटी नव्हती. शेवरोलेच्या स्पार्कमध्ये मीटर मध्येच, २००८ च्या इंडिका व्हिस्टात मध्येच, २००९ साली लाख रुपयांची म्हणून गाजलेल्या नॅनोत मध्येच आणि २०१० च्या डिसेंबरात आलेल्या इटिऑसमध्येही मध्येच. विलायतेत तर १९५९ साली पहिली मिनी आली तीच मधोमध ताटलीएवढा स्पीडोमीटर घेऊन. यामागचा हिशेब साधा. काही देशांत ड्रायव्हर उजवीकडे बसतो, काही देशांत डावीकडे. मीटर मध्ये ठेवला की तो कुणाच्याच बाजूचा राहत नाही आणि डॅशबोर्डच्या साच्याचा खर्च वाचतो.

शोरूममधल्या मुलानं मात्र मला साच्याचं काही सांगितलं नाही. तो म्हणाला, "सर, डोळ्यांना आराम." त्याचं म्हणणं असं, की रस्ता लांब आणि मीटर जवळ, त्यामुळे डोळ्याला सारखी लांब-जवळ कसरत करावी लागते. मीटर लांब काचेजवळ सरकवला की कसरत कमी. मला नुकतीच चाळिशी लागली होती. पेपर हात लांब करून वाचायचे दिवस. जो मीटर आपला आपणच लांब जाऊन बसलाय, तो मला एकदम समजूतदार वाटला. मी तिथल्या तिथं चेक फाडला.

आराम दोन वर्षं टिकला. मग डॉक्टरांनी प्रोग्रेसिव्ह काचांचा चष्मा दिला. ज्यांना तो लागलाय त्यांना माहीत आहे, त्या काचेतून समोर स्वच्छ दिसतं, पण कडेनं तिरपं बघायला गेलं की जग पाण्यात पडल्यासारखं हलतं. म्हणजे डोळे डावीकडे फिरवून भागेना, अख्खी मान फिरवावी लागे. आता मीटरच्या पलीकडे, त्याच रेषेत, बायको बसलेली.

"काय बघताय?"

"स्पीड."

"मग माझ्याकडे काय बघताय?"

सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या स्कूटरवाल्या बाईंनीही एकदा माझ्या या नजरेचा गैरसमज करून घेतला. तो प्रसंग सविस्तर सांगण्यासारखा नाही.

गाडी घरी आली त्याच दिवशी दुसरा पेच उभा राहिला होता. आई डॅशबोर्डवर ठेवायला छोटा गणपती घेऊन आली. खाली चिकटपट्टी, गळ्यात हार, सगळं तयार. गणपती मध्ये बसतो, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. पण मध्ये तर मीटरचा उंचवटा.

"अरे, हे काय मध्येच?"

"आई, मीटर आहे तो."

"मग तो सरकव बाजूला."

सरकवता येत नाही म्हटल्यावर तिनं पूर्ण गाडीभर नजर फिरवली. डावीकडे एअरबॅगचं झाकण, तिथं मी नको म्हणालो. राहिली एकच मोकळी सपाट जागा, स्टीअरिंगच्या मागची. मूर्ती बोटभर उंचीची, रस्ता अडत नव्हता. तेव्हापासून मी स्टीअरिंगच्या आतून बघितलं की जिथं इतर लोकांना आपला वेग दिसतो तिथं मला बाप्पा दिसायचे. किती स्पीडनं चाललोय याची बरीच वर्षं माझ्याकडे एवढीच माहिती होती, की त्यांना माहीत आहे.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण मधल्या मीटरचा खरा जाच वेगळाच आहे. स्पीड हा ड्रायव्हरचा खाजगी विषय आहे. पगार आणि स्पीड हे दोन आकडे घरात अंदाजे सांगायचे असतात. "असेल साठच्या आसपास," एवढ्यावर पिढ्यान्पिढ्या संसार झाले. माझ्या वडिलांच्या गाडीत मीटर त्यांच्या छातीसमोर होता, आईला दिसायचा फक्त त्यांचा कोपर. वडील म्हणत साठ, तर साठ. आमच्या गाडीत काटा म्हणजे चौकातला फळा. बायको बघणार, मागच्या सीटवरून दोन खुर्च्यांच्या मधून मुंडी घालून चिरंजीव बघणार, आई चष्मा पुसून बघणार. रिक्षात बसल्यावर आपण मीटरवर डोळा ठेवून असतो ना, त्या डोळ्यानं तीन माणसं माझ्याकडे रोज बघत होती. आणि मी भाडंही घेत नव्हतो.

पेट्रोलचा दिवा लागला की माझ्याआधी मागच्या सीटला कळायचं. "बाबा, पेट्रोल संपलं!" गाडीत पाहुणे असले की तर हमखास. पण उजव्या इंडिकेटरचा बाण मात्र मध्ये असल्यामुळे मला दिसायचा नाही आणि बाकीच्यांना तो दिसला तरी त्यात रस नसायचा. वाकडपासून डेक्कनपर्यंत मी एकदा उजवा इंडिकेटर लावून सरळ आलो. मागच्या टेम्पोवाल्यानं शेवटी शेजारी येऊन विचारलं, "काका, वळताय का या जन्मात?"

बरं, सगळ्यांना दिसतोय तर निदान सगळ्यांना सारखा दिसावा. तेही नाही.

साताऱ्याच्या वाटेवर होतो. बायको म्हणाली, "चौऱ्याऐंशीनं चाललाय तुम्ही." मी मान फिरवून बघितलं. "ऐंशी आहे." "चौऱ्याऐंशी." "ऐंशी!" मागे माझे सासरे होते. नाना शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. असे प्रसंग त्यांना पेन्शनपेक्षा प्रिय. "थांबा," ते म्हणाले, "दोघांचंही बरोबर आहे." हे वाक्य त्यांनी आमच्या लग्नानंतर प्रथमच उच्चारलं.

मग पॅरॅलॅक्सचा धडा झाला. काटा तबकडीला चिकटलेला नसतो, थोडा पुढं असतो. उजवीकडून बघणाऱ्याला तो किंचित डावीकडं सरकलेला दिसतो, डावीकडून बघणाऱ्याला उजवीकडं. ऐंशीच्या सुमाराला काटा वर आकाशाकडे तोंड करून उभा असतो आणि तिथं उजवीकडं म्हणजे जास्त. थोडक्यात, मीटर मधोमध असलेल्या गाडीत नवऱ्याला वेग कमी दिसणार आणि बायकोला जास्त, हा निसर्गनियम आहे. काटा आडवा असताना, म्हणजे गाडी हळू असताना, हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. शहरात आमची भांडणं कमी आणि हायवेला जास्त का होत होती, त्याचा उलगडा मला लग्नाच्या सतराव्या वर्षी झाला.

"यावर उपाय असतो," नाना म्हणाले. "प्रयोगशाळेतल्या चांगल्या व्होल्टमीटरला काट्यामागे आरशाची पट्टी असते. काटा आणि त्याचं प्रतिबिंब एकावर एक आलं की मगच आकडा वाचायचा." बायकोनं लगेच पर्समधला आरसा काढून मीटरसमोर धरला. त्यात मला माझाच चेहरा दिसला. "अगं, मागं लागतो तो, पुढं नाही," नाना हताश झाले. परीक्षेच्या हंगामात त्यांना अशी सवय असावी.

तेवढ्यात चिरंजीवांनी फोन पुढं केला. "बाबा, जीपीएसवर शहात्तर दाखवतंय."

आता एका गाडीचे तीन वेग झाले. त्यातही फोनचंच खरं असण्याची शक्यता जास्त, कारण स्पीडोमीटर हा मुळातच सावध माणूस असतो. संयुक्त राष्ट्रांचा गाड्यांसाठीचा एक नियम आहे, त्यात असं आहे की मीटरनं खऱ्या वेगापेक्षा कमी कधीही दाखवायचं नाही. जास्त दाखवलं तर चालेल, पण खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर, एवढंच. म्हणजे गाडी खरोखर ८० नं पळत असेल तर मीटरला ९२ पर्यंत बोलायची मुभा. मी हे घरी वाचून दाखवलं. बायको म्हणाली, "बघा, मीटरलासुद्धा तुमची खात्री नाही."

१ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना वेगाची घंटी सक्तीची झाली. ८० च्या वर गेलं की अधूनमधून टुणटुण, १२० च्या वर अखंड. आमची गाडी त्याआधीची, त्यामुळे तिच्यात ही सोय नव्हती असं कागदोपत्री म्हणता येईल.

या विषयावर मी अनेकांची मतं घेतली. ऑफिसातल्या एकाचं म्हणणं, पंधरा दिवसांत सवय होते, उलट समोरचा रस्ता मोकळा मिळतो, स्टीअरिंगची दांडी आड येत नाही. त्याची बायको पुण्याबाहेर नोकरीला आहे. दुसरा म्हणाला, वर्षभर प्रयत्न केला आणि गाडी विकली, मानेचा पट्टा लागला. सगळ्यात मोकळं मत एका टॅक्सीवाल्या दादांचं. विमानतळाकडे जाताना त्यांच्या मधल्या मीटरवर चक्क रुमाल टाकलेला. विचारलं तर म्हणाले, "साहेब, टॅक्सीला गव्हर्नर असतोय, ऐंशीच्या वर ती जातच नाही. पण मागं बसलेला माणूस काटा बघून पाऊणशेलाच 'हळू, हळू' सुरू करतो. मला कशाला लागतोय मीटर? इंजिनाच्या आवाजावर कळतं." आयुष्यात पहिल्यांदा मला एखाद्याच्या रुमालाचा हेवा वाटला.

कळस झाला तो एक्स्प्रेस-वेच्या घाटात. २०२४ मध्ये तिथं कॅमेरे बसले आणि घाटात कारला ६० ची मर्यादा. उतारावर गाडी आपोआप पळते, हे शाळेतल्या पोराला कळतं, कॅमेऱ्याला नाही. खंडाळा सोडलं आणि गाडीतलं बोलणं थांबलं. सगळ्यांचे डोळे मधोमध.

"अठ्ठावन्न," चिरंजीव.

"साठ," बायको.

"एकसष्ट! बाबा, एकसष्ट!"

"ब्रेक! ब्रेक मारा!"

"त्रेपन्न."

"एवढं नको, मागं ट्रक आहे."

लासलगावात कांद्याचा लिलाव लागावा तसा आकडा वर-खाली होत होता. आई हात जोडून बसली होती, पण तिचा गणपती माझ्यासमोर असल्यामुळे ती नमस्कार मलाच करतेय असं दिसत होतं. खोपोलीपर्यंत चार माणसांनी मिळून गाडी उतरवली. रस्त्याकडे बघत होतो तो मी एकटा, आणि वेग माहीत नव्हता तोही मी एकटाच. चलन आलं नाही. श्रेय अजून वाटलं जातंय.

गेल्या वर्षी ती गाडी दिली. नवी घेताना मी एकच अट घातली. मीटर माझ्यासमोर पाहिजे, माझ्या एकट्यासमोर. भाचा माझ्यावर हसला. तो त्याच सुमारास मुंबईला बीकेसीत टेस्लाची मॉडेल वाय बघून आला होता. "मामा, साठ लाखांच्या गाडीत मीटरच नाहीये. मध्ये मोठी स्क्रीन, तिच्याच कोपऱ्यात स्पीड!" लाखाच्या नॅनोत ज्याला काटकसर म्हणत होते, त्याला आता भविष्य म्हणतात. मी म्हटलं, भविष्य लखलाभ, मला भूतकाळ दाखवा.

मिळाली तशी गाडी. आकडा स्टीअरिंगच्या मागे, ठसठशीत, बाजूला बसलेल्याला साधा उजेडसुद्धा दिसत नाही. आईचे बाप्पा अखेर मधोमध विराजमान झाले. पहिल्याच दिवशी मुंबई रस्त्याला लागलो आणि तेरा वर्षांच्या सवयीनं स्पीड बघायला मान डावीकडे वळली. समोर गणपती. हात आपोआप छातीशी गेला.

"हात स्टीअरिंगवर," बायको म्हणाली. मग ती माझ्या कोपराआडून वाकून बघू लागली. दिसेना. पुन्हा वाकली. "किती आहे?"

"असेल साठच्या आसपास," मी वडिलांच्या आवाजात म्हणालो.

ती काही बोलली नाही. लोणावळ्याला चहाला थांबलो तेव्हा ती शेजारच्या दुकानातून मोबाइलचा स्टँड घेऊन आली. तो तिनं बाप्पांच्या अगदी शेजारी, मधोमध चिकटवला, त्यात तिचा फोन बसवला आणि चिरंजीवांना विचारलं, "ते जीपीएसचं स्पीडवालं कुठलं रे?"