एन्झाइम अडतं, जंतू नाही

बायोकेमिस्टची प्राध्यापकी टिकते पेपरांवर, आणि पेपर लवकर निघतो एन्झाइमवर. जंतूतलं एखादं एन्झाइम शुद्ध करा, त्याला अडवणारा रेणू शोधा, रेणू खाचेत कसा बसलाय याचं रंगीत चित्र काढा. झालं काम. शेवटचं वाक्य तर ठरलेलंच: 'यातून नवं औषध मिळू शकेल.'

तोच रेणू जिवंत जंतूवर टाका. बहुतेक वेळा जंतू ढिम्म! रेणू आत शिरतच नाही, शिरला तर जंतूचे पंप त्याला बाहेर फेकतात, किंवा ते एन्झाइम बंद पडूनही जंतूचं काही अडत नाही. आयसी-फिफ्टी (एन्झाइम निम्मं अडवायला लागणारं रेणूचं प्रमाण) झकास आणि एमआयसीच्या (जंतूची वाढ थांबवायला लागणारं किमान प्रमाण) नावाने बोंब, हे आमच्याकडे रोजचंच.

ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या औषध कंपनीने १९९५ ते २००१ मध्ये जीवाणूंवर ७० स्क्रीनिंग मोहिमा, म्हणजे ढीगभर रेणू एकदम तपासायच्या मोहिमा, चालवल्या; बहुतेक अशा एकेका लक्ष्यावरच्या. हाती लागले पाच लीड, म्हणजे औषध म्हणून पुढे न्यावेत असे रेणू. २००७ मध्ये त्यांनी हे सरळ छापलं. माझ्या मते या क्षेत्रातला सगळ्यात उपयोगी पेपर तोच.

क्षयावरचं बेडाक्विलिन उलट्या वाटेने आलं. स्मेग्मॅटिस या क्षयजंतूच्या निरुपद्रवी भावकीवर संयुगं थेट टाकून पाहिली. मग औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंचे जीन्स वाचले, तेव्हा कळलं की घाव एटीपी सिंथेजवर, म्हणजे जंतूची ऊर्जा बनवणाऱ्या एन्झाइमवर, बसतोय. २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

पण या वाटेने जायला वेळ लागतो. क्षयाचा जंतू दुप्पट व्हायलाच जवळपास दिवस घेतो, प्लेटवर कॉलनी दिसायला तीन-चार आठवडे. त्यात प्लेटवर बुरशी आली की पुन्हा पहिल्यापासून. ई. कोलाय या झपाट्याने वाढणाऱ्या जीवाणूवर काम करणाऱ्याला रात्री पेरून सकाळी उत्तर मिळतं. बढतीच्या समितीपुढे मात्र दोघांचे पेपर एकाच तागडीत.

भारतीय बायोकेमिस्ट येल्लाप्रगडा सुब्बाराव आठवतात. फॉस्फरस मोजायची त्यांची १९२५ ची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. तरी हार्वर्डने त्यांना कायम केलं नाही. १९४० मध्ये ते लेडर्ली कंपनीत गेले, आणि हत्तीरोगावर आजही दिलं जाणारं डायइथिलकार्बामाझिन त्यांच्या तिथल्या कामातूनच आलं.

फसलेल्या रेणूंचा तपशीलवार डेटा बढतीत पेपराइतकाच धरा, असं मी बैठकीत म्हणतो तेव्हा लोक मान डोलावतात आणि पुढचा मुद्दा घेतात. म्हणून मुलाखतीत मी आता उमेदवाराला एवढंच विचारतो: स्वतःचा कुठला लाडका रेणू तुम्ही बाद केलात, आणि कुठल्या प्रयोगावरून?