खांदेरी बेटाच्या सफरीवरच्या २ स्टार अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आभार. तुमच्या तक्रारी अशा: अलिबागजवळच्या थळला ९ वाजता पोचूनही पावणेअकरापर्यंत किनाऱ्यावर बसवून ठेवलं, होडी लहान होती, परतताना मुद्दाम सावकाश चालवली आणि तरीही सगळे भिजले. शेजारच्या उंदेरी बेटावर उतरवलं नाही म्हणून त्याचे पैसे परत हवेत. दीपगृहावर चढू दिलं नाही. खांदेरीवर दोनच तास मिळाले, आणि शेवटी 'एवढ्याशा खडकावर बघण्यासारखं आहे तरी काय?'

आधी थांबण्याचं, कारण बाकीचं बरंचसं त्यातूनच येतं. तुम्ही आलात तो रविवार तृतीयेचा होता. आमच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची जुनी रीत सोपी आहे: तिथीला तिनानं गुणायचं आणि चारानं भागायचं. तृतीयेला तीन त्रिक नऊ, भागिले चार, म्हणजे सव्वादोन. दुपारी सव्वादोनला पूर्ण भरती, त्याच्या सव्वासहा तास आधी, सकाळी आठच्या सुमाराला, पूर्ण ओहोटी. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण अंदाज चुकत नाही. त्यात पौर्णिमा-अमावस्येनंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे. भरती-ओहोटीत साडेतीन-चार मीटरचा फरक पडतो, तेव्हा ९ वाजता होडी तरंगायला पाणीच नसतं. ढकलून नेली तर पंखा वाळूत रुततो किंवा खडकावर आपटतो, आणि पंख्याचं एक पातं वाकलं की भर समुद्रात इंजिन थरथरायला लागतं. म्हणून बुकिंग करतानाच '१०.३० नंतर निघू' असं कळवलं होतं.

आता परतीचं. सकाळी मतलई असते, वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि पाणी सपाट असतं. दुपारी वारा फिरून वायव्येचा होतो आणि संध्याकाळपर्यंत वाढत जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याचा जोर जास्त. खांदेरी थळच्या वायव्येला आहे, म्हणजे परतताना हाच वारा आणि त्याच्या लाटा पाठीवर येतात. पाठीवरच्या लाटेत इंजिन जोरात ठेवलं तर होडी लाटेच्या उतारावरून घसरते, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, पाण्यात घुसते आणि मागचा भाग बाजूला फेकला जाऊन होडी आडवी होते. लहान होडी उलटते ती बहुतेक वेळा अशीच. म्हणून लाटेपेक्षा थोडा कमी वेग ठेवून प्रत्येक लाट खालून पुढे जाऊ द्यायची. वेळ जास्त लागतो, मागच्या बाकावर पाणी उडतं, पण चालवायची पद्धत हीच. तांडेलानं, म्हणजे होडी चालवणाऱ्यानं, तेच केलं आणि यापुढेही तेच करेल. बेटावर आणखी तासभर दिला असता तर वारा आणखी चढला असता. दोन तासांचं कारण एवढंच.

उंदेरीबद्दल. तिथे धक्का नाही. काळ्या कातळावर होडीची नाळ टेकवून उतरावं लागतं आणि त्या कातळावर कालवांच्या शिंपल्यांची धार असते, अनवाणी पाय कापतो. उतरायला दोन गोष्टी एकाच वेळी लागतात: होडी कातळाशी भिडेल इतकं वर आलेलं पाणी आणि लाट नसणं. तुमच्या दिवशी दीड वाजता पाणी होतं, पण लाट होती. नाळ मीटरभर वर-खाली होत असताना माणसाचा पाय होडी आणि खडकाच्या मध्ये सापडतो. म्हणून बाहेरून फेरी मारली. आमच्या भाड्यात खांदेरीला उतरणं आणि उंदेरीची फेरी एवढंच आहे. उंदेरीवर उतरणं जमलं तर करतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही, त्यामुळे परत करायचेही नाहीत.

दीपगृहाचं तुम्हाला वाईट वाटलं, ते समजतं. १८६७ सालचा तो अष्टकोनी मनोरा बघायला बरेच जण येतात. पण ते चालू दीपगृह आहे. मुंबई बंदराकडे दक्षिणेकडून येणाऱ्या जहाजांना त्याचा उपयोग होतो आणि आत कोणाला सोडायचं हे तिथलं खातं ठरवतं. परवानगी मिळवून देतो असं आम्ही कोणालाही सांगत नाही, तसं सांगणाऱ्यावर विश्वासही ठेवू नका. 'दिवा बंदच होता' असंही तुम्ही लिहिलंय. दिवा रात्रीसाठी असतो. जुन्या भिंगांच्या दीपगृहांत तर दिवसा काचेला आतून पडदे लावायची पद्धत आहे, कारण जे भिंग दिव्याचा प्रकाश लांब फेकतं तेच भिंग उन्हाचे किरण आत एका बिंदूवर गोळा करतं आणि दिव्याची वाट लावतं.

'एवढासा खडक' आणि 'लहान होडी' या दोन्हींचं उत्तर मात्र एकच आहे आणि ते मनापासून देतोय. १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस शिवाजी महाराजांच्या हुकुमावरून मायनाक भंडारी यांनी या बेटावर तटबंदीचं काम सुरू केलं. मुंबई बंदराचं तोंड इथून दिसतं, त्यामुळे इंग्रजांना ते परवडणारं नव्हतं. त्यांनी 'रिव्हेंज' आणि 'हंटर' ही मोठी जहाजं आणि गलबतं आणून बेटाला वेढा घातला. मराठ्यांच्या होड्या लहान, उथळ आणि वल्ह्यांवर चालणाऱ्या. रात्री वारा पडला की मोठं शिडाचं जहाज जागेवर अडकायचं, आणि या होड्या थळ-नागावच्या बाजूनं रसद आणि माणसं घेऊन बेटावर जायच्या. ऑक्टोबरात दौलतखानाच्या मराठी आरमारानं इंग्रजांचं 'डोव्हर' हे गुराबच, म्हणजे शिडाचं लढाऊ जहाज, पकडलं, आणि १६८० च्या जानेवारीत इंग्रजांना वेढा उठवावा लागला. उंदेरी जंजिऱ्याच्या सिद्दीनं बळकावली तीही त्याच जानेवारीत, खांदेरीला शह म्हणून. ज्या उथळ पाण्यामुळे तुम्हाला थांबावं लागलं त्याच पाण्यानं हा किल्ला राखला. मोठी लाँच आणली तर ती या खडकांत आजही चालणार नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत खांदेरी आहे. कृपा करून तिला एवढासा खडक म्हणू नका.

दोन तास पुरतात, पण क्रम नीट हवा. धक्क्यावर उतरल्यावर बरेच जण फोटोंतच अर्धा तास घालवतात. त्याऐवजी ऊन चढायच्या आत दीपगृहाची टेकडी करावी, मग तटावरून फिरत चाकांच्या गाड्यांवरच्या तोफा बघाव्यात. ठोकला की धातूसारखा वाजणारा दगड आहे, तो लहान खड्यानं वाजवावा, लोखंडानं नको, कपचे उडतात. वेताळाचं देऊळ शेवटी. ते कोळी बांधवांचं श्रद्धास्थान आहे, चपला बाहेर काढाव्यात. बेटावर टपरी नाही, टाक्यांतलं पाणी पिऊ नये, माणशी दोन लिटर पाणी सोबत लागतं.

पुन्हा यायचं असेल तर रविवार धरून तारीख ठरवू नका, तिथी बघा. दशमी ते त्रयोदशी, शुद्ध असो वा वद्य, भरती सकाळी साडेसात ते पावणेदहाच्या दरम्यान येते. पाणीही भरलेलं आणि मतलईही चालू, म्हणजे उंदेरीवर उतरायची शक्यता त्याच चार दिवसांत सगळ्यात जास्त. सकाळी सात-साडेसातला निघायची तयारी हवी. पावसाळ्यात सफर पूर्ण बंद असते. जमेल त्या दोन-तीन तारखा आधी पाठवा, कोणत्या दिवशी किती वाजता निघता येईल आणि उंदेरी जमेल का, हे बुकिंगच्या आधीच लिहून कळवू.

– होडीमालक, थळ