मॉडेलवर कॉपर मेटॅलिकने गंज दाखवता येत नाही

स्केल मॉडेलवर, म्हणजे रणगाडे-विमानांच्या लहान प्रतिकृतींवर, गंज दाखवायची एक कृती सगळीकडे फिरते आहे: काळ्या चकचकीत बेसवर (खालच्या थरावर) कॉपर किंवा ब्रॉन्झ मेटॅलिक एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनने) मारा, केशरी वॉश (अगदी पातळ केलेला रंग) फिरवा, शेवटी मॅट वार्निश द्या, की हुबेहूब गंज तयार. नवे लोक ती इमानाने करतात, मॉडेल घासलेल्या तांब्याच्या हंड्यासारखं दिसू लागतं आणि आपलाच हात कच्चा असं समजून ते गप्प बसतात. हात कच्चा नसतो, कृतीच चुकीची आहे. तिच्या बाजूने जे सांगितलं जातं, ते एकेक करून पाहू.

"गंज तांबूस असतो, म्हणून कॉपर." छटा जवळची आहे हे खरं, पण पृष्ठभाग अगदी उलटा. गंज म्हणजे पाणी धरून ठेवणारी लोहाची ऑक्साइडं: सच्छिद्र, भुसभुशीत, प्रकाश सगळीकडे विखुरणारी. मेटॅलिक रंगात बारीक चपट्या चकत्या असतात आणि त्या आरशासारखा प्रकाश परतवतात. मॉडेल दिव्याखाली फिरवून पाहा. कॉपरचा भाग एका कोनात उजळतो, दुसऱ्या कोनात काळवंडतो. गंज कुठूनही पाहिला तरी तसाच दिसतो. त्यात स्केलचा हिशेब वेगळाच: १/७२ चं मॉडेल खऱ्यापेक्षा ७२ पट लहान, म्हणून त्यावरची ५० मायक्रॉनची चकती खऱ्या मापात ३.६ मिलिमीटरची होते. एवढी चमचम कुठल्याच गंजलेल्या पत्र्यावर नसते.

"मॅट वार्निशने चमक जाते." वरची तकाकी जाते, आतल्या चकत्या जागच्या जागी राहतात. हाती येतो तो निस्तेज मेटॅलिक, गंज नव्हे. चमक घालवायला थरावर थर दिले, तर खोबणींमध्ये वार्निश साचून पांढुरकी झाक येते आणि ती काढणं फार कठीण.

"बाकीचं काम वॉश करतो." वॉश वाहत जाऊन खळग्यात साचतो. गंज मात्र कडांवर, वेल्डच्या रेषेवर, ओरखड्यात आणि पाणी साचतं तिथे धरतो. शिवाय सगळीकडे एकच केशरी मारला की गंजाचं वय हरवतं. ताजा गंज केशरी, जुना गडद तपकिरी, काही ठिकाणी जवळजवळ काळपट. म्हणून गडद रंगापासून सुरुवात करायची. प्रायमरवर तामिया कंपनीच्या एक्सएफ-६४ रेड ब्राऊन रंगामध्ये थोडा काळा मिसळून पहिला थर. एक भाग रंगाला एक ते दीड भाग थिनर, एअरब्रशच्या हवेचा दाब १२ ते १५ पीएसआय, अंतर ५ ते ८ सेंटिमीटर. दुसऱ्या फेरीत काळा न घालता तोच रेड ब्राऊन तुटक ठिपक्यांत, पहिला थर मधूनमधून दिसत राहील असा. त्यानंतर एअरब्रश बाजूला ठेवा. फाटक्या स्पंजचा तुकडा केशरी मिसळलेल्या रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत टिपा आणि मोजक्या जागी टेकवा. ओघळांसाठी बर्न्ट सिएना ऑइल रंगाचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका ठेवून व्हाइट स्पिरिटने ओलसर केलेल्या चपट्या ब्रशने सरळ खाली ओढा. ब्रश ओलसर हवा, निथळता नको, नाहीतर ठिपका पसरून कडेला वर्तुळ उमटतं.

"मेटॅलिकशिवाय धातू वाटतच नाही." यात तथ्य आहे, पण त्याची जागा गंजाच्या खाली आहे. आधी स्टील किंवा गनमेटल (गडद करडा) मेटॅलिक मारा. त्यासाठी चकचकीत काळा बेस लागत नाही, तो क्रोमसारख्या आरशी चमकेसाठी असतो. मेटॅलिक पूर्ण वाळला की वार्निशने बंद करा, नाहीतर पुढे पाण्याबरोबर तोही उचलला जातो. त्यावर केसांच्या, पाण्याने सुटणाऱ्या हेअरस्प्रेचे दोन हलके थर, आणि ते वाळले की मॅट गंजाचा पातळ ॲक्रिलिक थर. साधारण अर्ध्या तासाने भाग पाण्याने भिजवा आणि जिथे खरोखर घासलं जातं तिथेच आखूड केसांच्या ब्रशने रंग सोडवा. तिथे खालचं स्टील उघडं पडतं. वरचा थर जाड असेल किंवा लॅकर थिनरने पातळ केलेला असेल, तर पाणी खाली पोहोचत नाही आणि रंग हटत नाही. हेअरस्प्रे जास्त झाला तर रंगाला तडे जातात.

हमखास राहून जाणारी गोष्ट म्हणजे सफाई. मेटॅलिकनंतर एअरब्रशचा रंगाचा कप पुसला तरी चकत्या नोझलमध्ये आणि सुईच्या मागच्या बाजूला उरतात आणि पुढच्या मॅट थरात चमकतात. सुई काढा, नोझल धुवा, थिनर बदला. ०.२ मिलिमीटरच्या नोझलमध्ये जाड दाण्याचा मेटॅलिक अडकतो, ०.३ किंवा ०.४ घ्या.

"जुनी गाडी, जुनं विमान, कुठेही चालतो." नाही चालत. गंज लोखंड-पोलादाला येतो. एम-११३ या अमेरिकी चिलखती सैनिकवाहक गाडीचा सांगाडा ॲल्युमिनियमचा आहे, विमानांचे बहुतेक पत्रेही ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे. त्यांच्यावर तपकिरी ओघळ काढणं म्हणजे सरळ चूक. एम-११३ च्याच पोलादी ट्रॅकवर मात्र गंज शोभतो, आणि त्या ट्रॅकचा जो भाग चाकांवर घासून लखलखीत होतो, तिथे मेटॅलिक हक्काने वापरा.

लोखंडाची भुकटी असलेले रंग या सगळ्यात वेगळे. त्यांच्यावर ॲक्टिव्हेटर (गंज चढवणारं द्रावण) लावला की खराच गंज चढतो. पण ती भुकटी एअरब्रशमध्ये घालू नका, जुन्या ब्रशनेच लावा, आणि मोठ्या स्केललाच. १/३५ ला ०.१ मिलिमीटरचा दाणा खऱ्या मापात ३.५ मिलिमीटरचा खडा होतो. हवा तेवढा रंग आला की भाग पूर्ण सुकवून मॅट वार्निशने बंद करा.