आमच्याकडे मासे शिजले नव्हते

शनिवारी आमच्या घरी मासे शिजले नव्हते. हे वाक्य मी काल सकाळपासून पाच वेळा म्हटलंय. दूधवाल्याला, तळमजल्यावरच्या काकूंना, लिफ्टमध्ये भेटलेल्या एका अनोळखी बाईंना, भजनी मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना आणि फोनवर माझ्या जाऊबाईंना. जाऊबाई पुण्यात असतात. इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या मल्टीत, म्हणजे बहुमजली इमारतीत, काय शिजलं ते त्यांना पुण्यात बसून बारा तासांत कळलं, आणि आमच्याकडच्या वायरी मात्र पंधरा वर्षांत कुणाला कळल्या नाहीत.

झालं एवढंच की चिरंजीवांची बारावी संपली. आठ मित्र, आठ कॉम्प्युटर, दोन दिवस गेम, आमचा हॉल. मशिनं सोलापुरी चादरीत गुंडाळून, स्कूटीवर दोघांच्या मधे बसवून आली. एकाच्या कॅबिनेटला काच होती आणि आत मिरवणुकीतल्या झांकीसारखे रंगीत दिवे फिरत होते. मी हो म्हणाले, कारण मी हिशेब केला होता. बावीस वर्षं दहावीला विज्ञान शिकवते, हिशेब केल्याशिवाय मी चहाचं आधणही ठेवत नाही. खेळताना एका मशिनीला पडद्यासकट साधारण 450 वॅट, आठांना 3,600. त्याला 230 व्होल्टने भागलं की 15.7 अँपिअर. हॉलच्या सर्किटचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, 16चा. बसलं! वहीत उत्तराखाली दोन रेघा मारल्या, मुलांच्या पेपरात मारते तशा.

कूलर मी धरला नव्हता. आणि मॅगीसाठी एक मुलगा घरून 1,500 वॅटची केटली घेऊन आलाय, हे तर गणितात दिलेलंच नव्हतं.

साडेआठच्या सुमाराला वरच्या मजल्यावरचे काका विरजण मागायला आले. हातात स्टीलची वाटी. काका बँकेतून निवृत्त झालेत आणि नोकरीतली सात वर्षं त्यांनी डोंबिवलीला काढलीत. ती सात वर्षं अजून संपलेली नाहीत. मी विरजण घालून वाटी हातात दिली. काका दारापर्यंत गेले आणि थांबले. मान थोडी वर करून त्यांनी एक लांब श्वास घेतला.

"सूनबाई," आवाज एकदम खाली आला, "बांगडा?"

"काय?"

"नाही, पापलेटाला एवढा वास नसतो. बांगडाच. की सुका बोंबील भाजताय?"

"काका, आमच्याकडे कोण खाणार?"

"तेच म्हणतो मी. वहिनी घरात असताना!" असं म्हणून त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. त्या नजरेत आक्षेप नव्हता, आशा होती. "मी कुणाला सांगणार नाही. हिलासुद्धा नाही. वाटीभर रस्सा मिळाला तरी चालेल."

काका परत आत आले आणि दिवाणावर बसले. मुलांच्या मागून, खुर्च्यांच्या खालून, वायरींच्या जंजाळातून त्यांचा शोध सुरू झाला. नाक पुढे, वाटी मागे. फ्रिज उघडून पाहिला. एका मुलाच्या पिशवीत डोकावले, तिथे शेवेचं पुडकं निघालं तर काकांनी ते हुंगून परत ठेवलं. "डोंबिवलीला शेजारी मालवणी होते. रविवारी अकरा वाजता जिन्यात हाच वास. मी पेपर घेऊन जिन्यातच बसायचो. हिला सांगायचो, उजेड चांगला येतो." मी म्हणाले, काका, विरजण आंबेल. ते म्हणाले, आंबूदे, विरजणच आहे ते.

एवढ्यात सासूबाई देवघरातून बाहेर आल्या. त्यांनी पदर नाकाला लावला होता. "कुणी आणलंय ते आत्ता सांगा," एवढंच बोलल्या. आठही पोरांनी कानावरचे हेडफोन काढले. आमच्या घरात ही मुलं कुणाच्याच हाकेला हेडफोन काढत नाहीत.

सासूबाई आणि काका, दोघंही वास काढत काढत एकाच कोपऱ्यात पोचले. एक सोवळ्याच्या रक्षणासाठी आणि एक रश्श्यासाठी. तिथे माळ्यावरून काढलेला आमचा जुना एक्स्टेन्शन बोर्ड होता. त्यात चार मशिनं, शिवाय दुसरा बोर्ड खोचलेला, त्यात आणखी दोन. काकांनी वाकून प्लगला बोट लावलं आणि "आयाई गं" म्हणून ते चोखलं. पांढरा प्लग एका पिनेभोवती शेकलेल्या पावासारखा झाला होता, कडेने तपकिरी आणि मधे फुगलेला.

तर बांगडा हा होता. विजेच्या सामानातली काही जातीची प्लास्टिकं तापली की त्यातून अमाइन कुळीची द्रव्यं बाहेर पडतात, आणि शिळ्या माशाचा वासही त्याच कुळीचा. घरात मासे नसताना माशांचा वास आला तर चूल नव्हे, बोर्ड बघावा. बोर्ड 6 अँपिअरचा, आणि त्याच्या एका प्लगमधून सहा मशिनींचे पावणेबारा चालले होते. करंट दुप्पट तर उष्णता चौपट, हे दरवर्षी फळ्यावर मीच लिहिते. आणि भिंतीतला 16चा एमसीबी यात काही करणार नव्हता, त्याच्या लेखी बारा म्हणजे सगळं आलबेल. प्लग वितळून खाली टपकला असता तरी तो हूं की चूं करणार नव्हता.

मी हे सगळं काकांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे मासे नाहीत?"

मी तो बोर्ड काढायला लावला, पोरांनी सगळी मशिनं भिंतीतल्या पॉइंटांवर वाटून घेतली, आणि त्याच आनंदात कुणीतरी केटली लावली. पाचेक मिनिटांनी हॉल काळा झाला. एमसीबी वर केला की लगेच पडायचा, कारण आठही मशिनींची बटणं चालू होती आणि वीज आल्याक्षणी सगळ्या मिळून मोठा घोट घ्यायच्या. हे मला नंतर सुचलं. तेव्हा मी तो सात वेळा वर केला. काका माझ्या डोळ्यांत टॉर्च मारत म्हणत होते, "32चा टाका, पडायचं नावच घेणार नाही."

मग इलेक्ट्रिशियन आला. कानाला पेन्सिल, तोंडात सुपारी. त्याने मीटर लावला, 210 व्होल्ट. म्हणाला, "वोल्टेज गिरा हुआ है मॅडम, इसलिए मशीनें ज्यादा करंट खींच रही हैं."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण चूक दिसली की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो.

"उल्टा बोल रहे हो भैया. वोल्टेज कम, तो करंट भी कम. ओम का नियम."

आतून सासूबाई म्हणाल्या, "चला, कुणीतरी देवाचं नाव घेतलं."

इलेक्ट्रिशियनने सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. "किताब में होता होगा, मॅडम."

अंधारातून एक आवाज आला. माझ्याच शाळेतला, दोन वर्षांपूर्वी मी ज्याला विज्ञानात 71 दिले होते तो. अत्यंत नम्रपणे. "मॅम, वो बल्ब के लिए सही है. कंप्यूटर के एसएमपीएस को, मतलब पावर सप्लाई को, जितने वॅट चाहिए, वो उतने लेकर ही रहता है. वोल्टेज घटा तो करंट बढ़ाकर लेगा." आणि मनातल्या मनात भागाकार करून म्हणाला, "सत्रह पॉइंट एक."

बरोबर होतं. 3,600 भागिले 210, सतरा पॉइंट एकच. त्यावर कूलर, त्यावर केटली, चोवीसच्या वर. आणि 16चा एमसीबी सतराला लगेच पडतही नाही, आतली धातूची पट्टी तापून वाकेपर्यंत दम धरतो. गरीब बिचारा चोवीसलासुद्धा पाच मिनिटं तग धरून होता. मला त्या मुलाचा अभिमान वाटायला हवा. वाटेल. या आठवड्यात नाही.

काकांनी परत 32चा विषय काढला, तेव्हा इलेक्ट्रिशियनने काही न बोलता स्विचबोर्ड खोलला आणि वायर दोन बोटांत धरून मला दाखवली. 16च्या एमसीबीमागे अडीच स्क्वेअर मिलिमीटरची वायर हवी. ही दीडची होती. म्हणजे 16चा एमसीबीसुद्धा या वायरीला जास्तच, आणि काकांचा 32चा टाकला असता तर वायर भिंतीच्या आत मुकाट जळत राहिली असती आणि एमसीबी शांतपणे बघत बसला असता. तो कॉम्प्युटरसाठी नसतोच, वायरीसाठी असतो. आमच्या बिल्डरने लॉबीत संगमरवर लावलाय, गणपतीची कोनाड्यातली मूर्ती लावलीय, मूर्तीवर फोकस लावलाय. भिंतीच्या आत कोण बघतंय? आणि तिसऱ्या, जाड पिनेच्या भोकात अर्थिंगची वायर तर जोडलेलीच नव्हती. भोक नुसतं शोभेला. चिरंजीव दोन वर्षं सांगत होते की कॅबिनेटला हात लावला की झुणझुण होतं. मी म्हणायचे, हात पुसून बस. काका म्हणायचे, ॲक्युप्रेशर समज. अर्थिंग नसेल तर त्या पत्र्यावर निम्म्या व्होल्टेजचा झिरपा येऊन बसतो. करंट अगदी क्षीण असतो म्हणून नुसती झुणझुण. पण माझं पोर दोन वर्षं त्यावर हात ठेवून बसलं होतं आणि मी विज्ञान शिकवते. या एका गोष्टीवर मला अजून विनोद सुचलेला नाही.

त्या रात्री हॉलच्या सर्किटवर 10चा एमसीबी बसला आणि चारच मशिनं उरली. दोन स्वयंपाकघराच्या पॉइंटवर गेली, दोन एसी बंद करून एसीच्या. गीझर उन्हाळ्यात रिकामाच असतो तर बाथरूममधून वायर ओढू, असं चिरंजीवांनी सुचवलं, तेव्हा इलेक्ट्रिशियनने पहिल्यांदा माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. मेचा महिना, एसी बंद. आठ मशिनींची 3,600 वॅटची उष्णता म्हणजे एक टनाचा एसी निव्वळ त्यांनाच लागला असता. पोरं बनियनवर पहाटे चारपर्यंत खेळली. काका साडेअकराला गेले. विरजणाचा तोवर ताक होण्याकडे प्रवास सुरू झाला होता.

काल महाराणी रोडवरून अडीचच्या वायरीची बंडलं आली. रक्कम सांगत नाही, यजमान हे वाचतात. काकांनी मल्टीभर सांगितलंय की आग लागणार होती, त्यांच्या नाकाने वाचवलं. हे दुर्दैवाने खरं आहे. पण गोष्टीची सुरुवात ते "त्यांच्याकडे मासे शिजत होते" अशी करतात, आणि लोक तेवढंच ऐकून घरी जातात.

आज सकाळी ते वाटी परत द्यायला आले. वाटी रिकामी देऊ नये म्हणून आत मूठभर काळपट, उकललेली तिरफळं होती, मुलीने डोंबिवलीहून पाठवलेली. "असू द्या," ते कुजबुजले. "बांगड्याला याच्याशिवाय मजा नाही. पुढच्या वेळी पोरं जमतील तेव्हा."

सासूबाईंनी विचारलं, काय दिलं?

"तिरफळं," मी म्हणाले.

"त्रिफळा होय? बरं झालं, पोटाला चांगला," असं म्हणून त्यांनी वाटी उचलली आणि देवघरातल्या फडताळात नेऊन ठेवली.